इथला सुतार

सेउलीनं लाकूड तासायचा आपला दगडी वाकस चटईत गुंडाळला, दोरीनं करकचून बांधला आणि अर्धवट जोडनावेकडे पाठ करून तो वाळूत बसला. झालं! किनाऱ्यावरची ठोकठोक एकदम थांबली.

भानगड साधीच होती. सेउली सामोआ बेटांवरचा, आणि सामोआत सुताराला सगळ्यांच्या आधी वाढतात, तेही गरमागरम. इथे टोंगात सरदार लोलोहेआच्या कारभाऱ्यानं आज सरदाराची सगळी माणसं ढेकर देऊन उठल्यावर सुतारांकडे थंडगार अळकुड्या पाठवल्या. त्याही अर्ध्यामुर्ध्या सोललेल्या. असला अपमान झाला की सामोआतला सुतार काम टाकून उठतो, आणि त्याचं राहिलेलं काम दुसरा कुठलाही सुतार हातात घेत नाही. घर असो की नाव, पावसात कुजून जाते. हा नियम कुणी घालून दिला ते सेउलीच्या आजोबांनाही ठाऊक नव्हतं, पण मोडायची छाती कुणाची झाली नव्हती.

कारभारी धापा टाकत आला. "अहो सुतार, हे काय मांडलंय? पंधरा दिवसांत कोनफळं घेऊन राजाकडे जायचंय. पहिलं पीक वेळेवर पोचलं नाही तर सरदारांचं काही खरं नाही!"

"मग सरदारांना म्हणावं, पोहत जा."

"जीभ आवरा जरा!"

"पोट रिकामं आहे हो. जिभेला दुसरं काम काय?"

सेउली असा बोलायचा, कारण त्याला बोलायचा हक्क होता. तो येण्याआधी इथल्या नावा बाहेरून शिवलेल्या असायच्या, सगळ्या दोऱ्या उघड्यावर. त्यानं फळीच्या आतल्या कडेला उंचवटा ठेवायला शिकवलं, त्या उंचवट्याला भोकं पाडून काथ्या आतून आवळायला शिकवलं, नीरफणसाचा चीक कुठे आणि किती लावायचा ते शिकवलं. बाहेरून हात फिरवला तर सांधा नखालाही लागत नसे. अशी नाव त्याच्याशिवाय कोण करणार होतं?

एक जण करू शकत होता. वाइलाही. इथलाच, टोंगाचा, चार पोरांचा बाप. अकरा वर्षं सेउलीच्या हाताखाली घासून तयार झालेला.

सरदार लोलोहेआ स्वतः किनाऱ्यावर आला तेव्हा सगळे अदबीनं खाली बसले. त्यानं सेउलीकडे ढुंकूनही पाहिलं नाही. "वाइलाही, तुला येतं ना हे काम?"

"येतं, सरदार."

"मग कर पुरी."

सेउलीनं चटकन मान वळवली. अरे देवा! आपण या गड्याला सांधा शिकवला, चीक शिकवला, लाकूड ओळखायला शिकवलं आणि नियम तेवढा शिकवला नाही! शिकवणार कसा? सामोआत तो आईच्या दुधाबरोबर येतो, शिकवावा लागतो हे डोक्यातच आलं नाही. आणि आता सांगून तरी काय उपयोग? वाइलाहीची पोरं सरदाराच्या जमिनीवर, आणि सरदाराच्या मागे गदा घेतलेले सहा जण उभे. पण वाइलाहीनं आता नावेवर एक जरी घाव घातला, तर अकरा वर्षं फुकट. मग आपण कसले सुतार? नुसते राबणारे हात.

वाइलाही उठला. वाकस घेऊन नावेपाशी गेला. फळीवरून त्यानं तळवा फिरवला, सावकाश. मग तो परत आला, सरदारासमोर मांडी घालून बसला आणि वाकस पुढ्यात आडवा ठेवला.

"नाही करणार, सरदार."

कारभाऱ्यानं डोक्याला हात लावला. सरदाराचा चेहरा काळवंडला. "या परक्या म्हाताऱ्यासाठी मरायला निघालास?"

"त्यांच्यासाठी नाही. त्या थंडगार अळकुड्या मलाही आल्या होत्या. मीही सुतार आहे."

त्यांच्यासाठी नाही! सेउलीला ते चांगलंच झोंबलं. अकरा वर्षं याला डोक्यावर बसवलं, आणि हा म्हणतो, त्यांच्यासाठी नाही? मग त्याला कळलं, आणि डोळे भरून आले. हा आपल्यासाठी अडून बसला असता तर आपण गेल्यावर पुन्हा कामाला लागलाही असता. आता आपण उद्या मेलो तरी हा अडून बसणारच. सेउलीला इतका आनंद त्याच्या पहिल्या नावेनंसुद्धा दिला नव्हता.

सरदारानं अर्धवट नावेकडे पाहिलं. दोघांना मारून नाव पाण्यात जाणार नव्हती, हे त्यालाही दिसत होतं. शेवटी तो कारभाऱ्यावर खेकसला, "उभा काय राहिलास? डुक्कर भाज!"

दुपारी केळीच्या पानांवर वाफाळतं मांस आलं. सरदारानं स्वतःच्या हातानं पहिला वाटा सेउलीपुढे ठेवला. सगळा किनारा श्वास रोखून बघत होता. सेउलीनं पान उचललं आणि वाइलाहीपुढे सरकवलं.

"आधी याला. मी पाहुणा. इथला सुतार हा."

वाइलाहीनं घास घेतला, चावला, आणि तोंड वाकडं केलं. "वस्ताद, जरा कोमट आहे हो. उठू का?"

"गप गिळ, मेल्या!" सेउली ओरडला, आणि त्याला हसू आवरेना.