एलियाहू नबीचे पोहे

आम्ही बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले मराठी ज्यू. माझे बाबा, एलिझर झिराडकर, यांनी आमच्या सणावारांवर एक पुस्तक लिहिलं होतं. सगळं खरं, आणि पानोपानी हसवणारं. त्याचं जर्मन भाषांतर मी बाबांना दाखवायचं म्हणून सुरू केलं होतं. शेवटची दोन प्रकरणं उरली असताना ते गेले.

भाषांतर पुरं करून मी ते फ्रँकफर्टच्या एका लहान प्रकाशनाकडे पाठवलं. इथे जर्मनीत सोबत एक्सपोजे द्यावा लागतो: पुस्तक काय आहे, कोण घेईल, बाजारात त्यासारखी कोणती पुस्तकं आहेत. शेवटच्या प्रश्नाला मी अभिमानाने लिहिलं, एकही नाही. संपादक फ्राऊ लिंडनर यांनी फोनवर शांतपणे समजावलं की याचा दुकानदार एकच अर्थ घेतो: ठेवायला जागा नाही.

मग मी पुस्तकांची दुकानं पालथी घातली. रविवारी इथे सगळं बंद, म्हणून हे काम शनिवारीच करावं लागलं. शनिवार हा आमचा विश्रांतीचा पवित्र वार; त्या दिवशी तेलाचा घाणा बंद ठेवणाऱ्या तेली पूर्वजांची मी मनातल्या मनात माफी मागितली.

ज्यू संस्कृतीवरचं काही गमतीदार आहे का, असं विचारलं की विक्रेत्यांचा आवाज खाली यायचा. हायडेलबर्गमध्ये एकाने आधी, कुणासाठी हवंय, असं विचारलं. पुस्तकं होती. रब्बींचे किस्से, आयांचे टोमणे, बर्लिनच्या तरुणांच्या गमती. पण सगळी मागच्या कपाटात, छळछावण्यांच्या इतिहासाला खेटून. नाताळात भेट म्हणून बरी खपतात, हेही कळलं. ती चाळताना हसणारा माणूस मात्र एकदाही दिसला नाही.

मैत्रीण शुभाला हे सांगितलं तर म्हणाली, "अगं, तुमच्यातल्या कुणी योगासनं शोधली असती तर थेट दाराजवळच्या टेबलावर असतीस."

माझ्या पाहणीचा अहवाल वाचून फ्राऊ लिंडनर यांनी भेटायला बोलावलं. गिऱ्हाईक आहे, पण लोक हसायला घाबरतात, असं त्यांचं म्हणणं. म्हणून त्यांनी सुचवलं की पुस्तक माझं करावं: वडील गेलेली मुलगी, विरळ होत चाललेला समाज, विनोद तोंडी लावण्यापुरता. त्यांचा हेतू चांगला होता. आणि तसली दोनशे पानं माझ्याजवळ तयार होतीच, फक्त लिहायची बाकी होती.

"दुःख माझं आहे," मी म्हटलं. "पुस्तक बाबांचं आहे."

मी एक जाहीर वाचन मागितलं. कुणीच हसलं नाही तर त्या म्हणतील तसं लिहीन, असं कबूल केलं.

फ्रँकफर्टच्या बोकनहाइम भागातल्या एका पुस्तकांच्या दुकानात खुर्च्या मांडल्या. मी मलिदा करून नेला: भिजवलेले पोहे, ओला नारळ, गूळ, वेलची, वर फळं. नवस फेडताना, शुभकार्यात आम्ही एलियाहू नबी या आमच्या प्रेषिताच्या नावाने तो करतो. मी त्याचंच प्रकरण वाचायला घेतलं. बाबांनी लिहिलंय, "वल्हांडणाच्या सणाला नबी घरी येतो म्हणून जगभरचे ज्यू त्याच्यासाठी वाइनचा पेला भरून ठेवतात. घरोघरी, तोही उपाशीपोटी. कोकणात पोचेपर्यंत त्याची काय अवस्था होत असेल? आम्ही त्याला आधी पोहे खायला घालतो."

पुढच्या रांगेतले एक गृहस्थ आदराने जमिनीकडे बघत होते. मी पान उलटलं.

मागून कुणीतरी फिसकन हसलं. युक्रेनमधल्या ओदेसाहून आलेल्या म्हाताऱ्या ज्यू बाई, फ्राऊ राइसा होत्या.

"तरीच!" त्या म्हणाल्या. "आमच्याकडे आलेला कधी दिसत नाही. तुमच्याकडेच जेवून आडवा होत असणार."

पुढच्या रांगेतल्या गृहस्थांनी मान वळवली, राइसांकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि त्यांचे खांदे हलायला लागले. मग खोलीभर हसू पसरलं. त्यानंतर लोक वाक्य संपायची वाट बघेनात. शनिवारी तेल मागायला आलेल्या पाटलाच्या किश्श्याला फ्राऊ लिंडनर यांनी चष्मा काढून डोळे पुसले. मलिद्याचं पातेलं चाटूनपुसून रिकामं झालं.

"विनोदी पुस्तक म्हणूनच काढू," फ्राऊ लिंडनर माझ्याजवळ येऊन म्हणाल्या. "वडिलांच्या नावाने, आहे तसं. वाचनाला गावोगाव तुम्हीच जायचं." मग त्यांनी विचारलं, "सगळे हसत होते, तुमच्या चेहऱ्यावरची रेषही हलली नाही. हे कसं जमतं?"

दुःखामुळे, असं सांगता आलं असतं.

"बाबा असंच वाचायचे," मी म्हटलं.