रांगेतलं चौथं घर

रॉटरडॅमच्या दक्षिण भागातल्या त्या रांगेत सहा घरं होती आणि चौथं इतकं स्वस्त होतं की मारिटला आधी संशयच आला. स्वस्त मिळतं ते उगाच मिळत नाही, हे ती जाणून होती. पण पक्षाघात झाल्यापासून तिच्या वडिलांना तिसऱ्या मजल्यावरच्या भाड्याच्या घरातून खाली उतरता आलं नव्हतं. इथे दार थेट रस्त्यावर उघडत होतं.

दलालाने लपवाछपवी केली नाही. "घराखालचे लाकडी खांब कुजलेत, बाई. पाण्यात बुडालेले होते तोवर ठणठणीत होते. जमिनीतलं पाणी खाली गेलं आणि त्यांना हवा लागली."

"दुरुस्ती होते ना?"

"होते की. पण सगळ्या रांगेचा पाया एक. करायचं तर सहाही घरांचं एकदम. पाच जण तयार आहेत."

"आणि सहावा?"

त्याने पलीकडच्या भिंतीकडे बोट केलं.

भिंतीपलीकडे फेर्वायबाई राहायच्या, नव्वदीला टेकलेल्या, एकट्या. मारिटने दार वाजवलं. बाईंनी कॉफी दिली, डब्यातलं एक बिस्किट दिलं आणि तिथल्या रीतीप्रमाणे लगेच झाकण लावून टाकलं.

"पाया बघायला आलीस की मला?"

मारिटने नजर कॉफीच्या कपाकडे वळवली.

"लाजू नकोस, पोरी. सगळेच येतात. जमीन उकरायची म्हणून सहा महिने बाहेर राहा म्हणतात. या वयात घराबाहेर काढलेलं माणूस परत येतं होय? मी सांगून टाकलंय, मी आहे तोवर कुदळ लावायची नाही. शेजारी भले आहेत हो. सूप आणून देतात आणि तब्येत विचारतात. फारच विचारतात."

त्या रात्री मारिटने हिशेब मांडला. भिंती अजून किती तग धरतील, आणि बाई किती? आपण एका म्हातारीचं मरण मोजतोय हे कळलं तेव्हा तिला स्वतःची किळस आली. तरी तिने घर घेतलं. अडल्यानडल्याला किळस परवडत नाही.

वडील काठी टेकत रस्त्यावर आले, दारात खुर्ची टाकून बसू लागले. फेर्वायबाईही आपली खुर्ची घेऊन यायच्या. दोघांचं चांगलं मेतकूट जमलं. कितीतरी दिवसांनी मारिटने वडिलांना पोट धरून हसताना पाहिलं.

हिवाळ्यात मात्र वडिलांच्या पलंगामागची भेग वाढली. तिच्यात आता बोट जायचं.

एके दिवशी उजाडून बराच वेळ झाला तरी बाईंच्या खिडकीचा पडदा सरकला नाही. एरवी तो दिवस उगवताच सरकायचा. समोरच्या फुटपाथवर दोघे शेजारी थांबले होते, त्या पडद्याकडे बघत.

"जा ना गं, बघून ये," वडील कासावीस होऊन म्हणाले. "पडलीबिडली असेल."

मारिट कोट चढवून निघाली. तिची पावलं काही झपझप पडेनात. ती दाराशी पोचते तोच पडदा सरकला. आत बाई, झोपेचे कपडे अंगावर, केस विस्कटलेले.

"मेली जागच आली नाही आज!" काचेआडून त्या हसत ओरडल्या.

मारिटने हात हलवला आणि ती परत आली.

"काय झालं?" वडिलांनी विचारलं.

"काही नाही. बऱ्या आहेत."

"देवाची कृपा." वडिलांचा जीव भांड्यात पडला. मग त्यांनी लेकीकडे नीट पाहिलं. "मग तुझं तोंड का असं उतरलंय?"