न्याहारीनंतर बाहेर, रात्रीच्या जेवणाआधी आत

मी हॅदरबीच्या वर्कहाऊसची आवक-जावक वही बोलतेय. आवक-जावक म्हटलं की तुम्हाला धान्याची पोती नाहीतर टपाल आठवेल. माझ्यात माणसांची आवक होती आणि माणसांचीच जावक. डाव्या पानावर आत येणारे, उजव्या पानावर बाहेर जाणारे.

वर्कहाऊस हा शब्द निघाला की आमच्या यॉर्कशरातली म्हातारी माणसं अजून आवाज खाली आणतात. ज्याला घर नाही, काम नाही, किंवा जिला नवरा नाही आणि पोट मात्र पुढे आलंय, अशांनी सगळी दारं वाजवून झाल्यावर शेवटी वाजवायचं ते दार. आत ओटची पेज मिळे, अंथरूण मिळे. बदल्यात दिवसभर राबायचं आणि अब्रू फाटकातच ठेवून यायचं.

माझा जन्म लीड्सचा, एका बाइंडरच्या हातचा. पाठीला वासराचं कातडं, पोटात जाड कागद, आणि वजन असं की पॉग्सन मला उचलताना दर वेळी "हुश्श" करायचा. पॉग्सन म्हणजे फाटकाशेजारच्या खोलीतला कारकून. गालात कायम पेपरमिंटची गोळी आणि स्वभाव किरकिरा. अक्षर मात्र मोत्याचा दाणा हो, उगाच नावं ठेवणार नाही. नाव, वय, धंदा, धर्म सगळं विचारून लिहायचा. पण त्याचा खरा जीव एकाच रकान्यात. आलेला माणूस कोणत्या जेवणाच्या आधी आला आणि गेलेला कोणत्या जेवणानंतर गेला! कारण स्वयंपाकघरात पेजेचं माप त्यावरून जायचं. माणूस एखादा चुकला तरी चालेल, पेज वाया जाता कामा नये.

पुढे वर्कहाऊस बंद झालं. तिथं इस्पितळ आलं आणि मला तळघरात कोळशाशेजारी टाकलं. माझ्या आधीच्या-नंतरच्या बहिणी एकेक करून बंबात गेल्या. मी वाचले ती माणसांच्या आळसानं. सगळ्यांत खाली मी होते आणि मला उचलायचा जो-तो कंटाळा करायचा. उंदरांनी कोपरे कुरतडले, ओल लागली, पण जीव राहिला.

आता माझी ऐट बघा. जिल्ह्याच्या दप्तरखान्यात मला स्वतःची पेटी आहे. बाहेर काढलं की पाठीखाली मऊ उशी देतात. माझ्याजवळ शाई आणायची नाही, चहा आणायचा नाही, मोठ्यानं बोलायचं नाही. पॉग्सननं हे पाहिलं असतं तर गोळी गिळलीच असती त्यानं. माझ्यातली शेवटची ओळ लिहिल्याला पंचाहत्तर वर्षं होईपर्यंत मला कुणाला दाखवायची नाही, असाही नियम होता. ती मुदत सरली तशी माणसं यायला लागली.

येतात ती पूर्वज शोधायला. येताना प्रत्येकाला वाटतं, आपला खापरपणजा कुणीतरी सरदार असणार. निघतो कोकरं चोरणारा. पण मला राग येत नाही. आपलं माणूस शोधतायत बिचारी.

पाचसहा वर्षांपूर्वीची, जूनमधली गोष्ट सांगते. अ‍ॅम्ब्रोज ओल्डरॉइड नावाचा म्हातारा आला. वय सत्त्याऐंशी, जन्मभर बस चालवलेला, त्यामुळे आवाज असा की मागच्या बाकापर्यंत पोचावा. चाकाची खुर्ची ढकलत होती त्याची साठीची लेक, म्यूरिअल.

"पोरी, मला घरी जाऊ दे. कबुतरांना दाणा घालायचाय."

"कबुतरं तुमच्यापेक्षा शहाणी आहेत बाबा. ती थांबतील."

"इथं हळू बोलायचं असतं," दप्तरखान्याच्या मिसेस हॅलम म्हणाल्या.

"मी हळूच बोलतोय!" म्हातारा गरजला. जुन्या कागदांची फिल्म मोठी करून वाचायच्या यंत्रावर वाकलेली चार माणसं दचकून वळली.

या अ‍ॅम्ब्रोजचं दुखणं असं होतं. पाच वर्षांचा असताना त्याला एका शेतकऱ्याच्या घरी पोसायला दिलं होतं. त्या आधीचं त्याला काही धड आठवत नव्हतं. एक मोठी खोली आणि खूप पोरं, एवढंच. त्याला वाटायचं ती शाळा. जन्मदाखल्यावर आईचं नाव हॅना ओल्डरॉइड, बापाची जागा रिकामी, आणि जन्माचा पत्ता 'सात, ऑर्चर्ड टेरेस, हॅदरबी'. ऑर्चर्ड म्हणजे फळबाग, टेरेस म्हणजे घरांची ओळ, वर घराला नंबर! शेतकऱ्याची बायको त्याला येताजाता ऐकवायची, "चांगल्या घरातली होती तुझी आई. तिला तू नको होतास, म्हणून आमच्या गळ्यात."

एवढ्यावर त्यानं जन्म काढला. भांडणात बायकोला म्हणायचा, "तुझे लोक वर्कहाऊसात पेज पिऊन वाढलेत, मी ऑर्चर्ड टेरेसचा आहे!" आणि त्याच आईचं नाव कुणी काढलं की ताटावरून उठायचा. लेकीला पाळण्यात घातली तेव्हा बायको म्हणाली होती, हॅना ठेवू या. याने दारच आपटलं.

"मला एकच कळू दे," तो मिसेस हॅलमना म्हणाला. "घर होतं, दार होतं, तर एक पोर तिला जड का झालं? तेवढं कळलं की मी मरायला मोकळा."

"मरायची घाई नको," म्यूरिअल म्हणाली. "खुर्चीचं भाडं महिन्याचं भरलंय."

म्यूरिअलनं आधी ते घर शोधण्यात वर्ष घालवलं होतं. सगळं हॅदरबी पालथं घातलं, पोस्टमनना विचारलं, जुने नकाशे पाहिले. मग मिसेस हॅलमनी तिला शिरगणतीची फिल्म लावून दिली. शंभर वर्षांपूर्वीची शिरगणती, नुकतीच लोकांना खुली झालेली. त्यात हॅना सापडली! सात वर्षांची पोर, लोकरगिरणीमागच्या एका बोळात, आईबाप आणि पाच भावंडांसह दोन खोल्यांत. पण ऑर्चर्ड टेरेस? त्या नावाचा रस्ता ना शिरगणतीत, ना नकाशात. गिरणीमागची पोरगी त्या घरात गेली कशी आणि घर गेलं कुठं, काही लागेना.

त्या दिवशी मिसेस हॅलमनी पहिल्यांदाच जन्मदाखला हातात घेतला, पत्ता वाचला आणि चष्मा काढून ठेवला.

"मिस्टर ओल्डरॉइड, हा रस्ता सापडायचा नाही. तो नव्हताच कधी."

"म्हणजे?"

"वर्कहाऊसात जन्मलेल्या बाळाच्या दाखल्यावर वर्कहाऊस लिहू नये, असा त्या काळी हुकूम होता. पोराला जन्मभर डाग नको म्हणून. मग ज्या त्या गावानं आपापल्या वर्कहाऊसला एक साधा पत्ता देऊन टाकला. हॅदरबीनं दिला, सात, ऑर्चर्ड टेरेस."

खरं सांगते, ते दयेपोटीच केलं होतं. मी तिथं होते. बाग नव्हती, घरांची ओळ नव्हती, सातवा नंबर कुणाच्या डोक्यातून निघाला देव जाणे. लाज झाकायला घातलेलं ते पांघरूण. पण या पोराला वाटलं, आईला घर होतं आणि तरी तिनं मला टाकलं. दयेनं असाही घात होतो बघा.

म्हातारा लालबुंद झाला. "मी वर्कहाऊसात जन्मलो? मी? म्यूरिअल, कोट दे माझा!"

"नाही देणार."

"कोट दे म्हणतो ना!"

"ऐंशी वर्षं त्या बाईला शिव्या घातल्यात बाबा. आता गपगुमान बसा आणि तिची बाजू ऐका. मग कोट काय, टोपीपण देते."

आणि मला बोलावणं आलं. पेटीतून काढलं, उशी दिली, पान उघडलं. माझी शिवण सुद्धा धडधडत होती म्हणा ना. हॅना माझ्यात होती. एकदा नाही, पानोपानी होती.

"ही बघा," मिसेस हॅलमनी बोट न टेकवता दाखवलं. "हॅना ओल्डरॉइड, गिरणीकामगार, अविवाहित, दिवस भरत आलेले. इथं तुमचा जन्म. मग पुढची दोनेक वर्षं काही नाही. आणि मग... अरेच्चा!"

"काय अरेच्चा?"

"बाहेर गेली. त्याच दिवशी परत आत आली. पुढच्या महिन्यात पुन्हा बाहेर, पुन्हा आत. हे पुन्हा. हेही." त्या पानं उलटत राहिल्या. "अशांना 'आत-बाहेरवाले' म्हणायचे. कारकुनांना फार राग त्यांचा, दर वेळी सगळं नव्यानं लिहावं लागायचं."

म्हातारा खुर्चीत मागे रेलला. "दारू," तो म्हणाला. "अजून काय! दिवसभर ढोसायची आणि रात्री पेज प्यायला हजर. बरं झालं कळलं. चल पोरी."

अरे गाढवा! मला बोलता आलं असतं ना, तर त्या दिवशी शांततेचा नियम मीच मोडला असता.

त्या काळी पॉग्सनच्या टेबलावर मी उघडी पडलेली असायची आणि संध्याकाळी हॅना दारात उभी राहायची. धापा टाकत, गाल लाल झालेले.

"पुन्हा आलीस?" पॉग्सन करवादायचा. "हे काय माहेर आहे तुझं? सकाळी लिहून गेलीस, संध्याकाळी लिहायला हजर!"

"लिहा साहेब, अक्षर सुंदर आहे तुमचं. सराव नको का?"

"तोंड बघा बाईचं! आता पुन्हा आंघोळीची रांग, पुन्हा कपडे काढून घेणार, पुन्हा डॉक्टर तपासणार. कंटाळा नाही येत?"

"येतो की," ती म्हणायची. "पण दिवस चांगला गेला."

पॉग्सन मग गोळी या गालातून त्या गालात सारायचा आणि लिहायचा. ती गेल्यावर एकदा मला मिटताना पुटपुटला होता, "वेडी आहे पोरगी." पण माझ्यावर त्याचा हात त्या दिवशी हलका पडला.

तर इकडे म्यूरिअल पानावर वाकलेली. गेल्या वर्षभरात ती जुन्या दप्तरांची पानं वाचायला शिकली होती. ती एकदम म्हणाली, "बाई, हिच्या नावाखाली लगेच कोण आहे?"

मिसेस हॅलमनी वाचलं. "अ‍ॅम्ब्रोज ओल्डरॉइड. मूल. वय तीन. न्याहारीनंतर बाहेर, रात्रीच्या जेवणाआधी आत."

"आणि पुढच्या महिन्यात?"

"हॅना. खाली अ‍ॅम्ब्रोज. न्याहारीनंतर बाहेर, रात्रीच्या जेवणाआधी आत."

"दर वेळी?"

त्यांनी पानं उलटली. "दर वेळी."

"बाबा," म्यूरिअल म्हणाली, "दारू प्यायला जाणारी बाई तीन वर्षांचं पोर काखेत मारून जाते होय?"

 मग मिसेस हॅलमनीच हळू आवाजात सांगितलं. तान्हं बाळ तेवढं आईपाशी, पण दोनेक वर्षांचं झालं की पोर पोरांच्या इमारतीत आणि आई बायकांच्या. मध्ये भिंत. भेट रविवारी दुपारी, थोडा वेळ, तीही कुणीतरी उभं राहून बघतंय अशी. पण बाहेर जायला कुणाला मज्जाव नव्हता. सकाळी सांगायचं की मी जातेय. आणि आई निघाली की पोराला सोबत नेणं भागच असायचं, मागे ठेवायची परवानगीच नसे. भिंतीपलीकडून पोर हातात यायचा तो एवढाच रस्ता होता.

"म्हणजे ती..." म्हाताऱ्याचा आवाज पहिल्यांदाच खाली आला.

"एक दिवस तुम्हाला घेऊन राहता यावं म्हणून ती बाहेर पडायची. बिनलग्नाच्या लेकुरवाळीला तेव्हा आईबापही दारात उभं करत नसत. जायला घर नव्हतं, त्यामुळे संध्याकाळी परत यायची. हॅदरबीत कुठे फिरवत असेल तुम्हाला, ते काही यात लिहिलेलं नाही."

"थंडीत पण?"

मिसेस हॅलमनी पाहिलं. "जानेवारीतही आहे एक."

"शेवट वाचा."

"बाबा, राहू दे आज."

"वाचा म्हणतो."

शेवट मलाही नको वाटतो. पण लिहिलेलं आहे ते आहे. हॅना ओल्डरॉइड, वय सव्वीस, फुप्फुसाचा विकार, जावक रकान्यात 'मृत'. थोड्या पानांनी अ‍ॅम्ब्रोज, वय पाच, शेतावर पोसायला दिला. या वेळी त्याच्या वर हॅनाचं नाव नव्हतं.

म्हातारा रडला. लाजला नाही, तोंड लपवलं नाही, खुर्चीचे हात धरून मोठ्यानं रडला. मग नाक पुसलं आणि बसच्या मागच्या बाकापर्यंत जाईल असा आवाज काढून सगळ्या खोलीला सांगितलं, "ऐकलंत का! माझी आई मला घ्यायला यायची! पलीकडच्या इमारतीतून, दर महिन्याला! मी वर्कहाऊसातला आहे आणि माझी आई मला घ्यायला यायची!"

यंत्रावरची चारही माणसं उठून उभी राहिली. एक बाई डोळे टिपत होती. मी मिसेस हॅलमकडे पाहिलं. नियमाची बाई ती, कुणी शिंकलं तरी भुवई चढवणारी. ती म्हणाली, "अजून एकदा सांगा, मिस्टर ओल्डरॉइड. कोपऱ्यातल्या गृहस्थांना कमी ऐकू येतं."

त्यानं सांगितलं! वर शिवी हासडली, ती त्या रागावणाऱ्या कारकुनाला, म्हणजे आमच्या पॉग्सनला, तीसुद्धा प्रेमानंच.

म्यूरिअलनं कोट पुढे केला. "चला बाबा, घरी. दमलात."

"घरी नको," तो म्हणाला. "ऊन आहे ना बाहेर?"

"आहे की, मस्त पडलंय."

"मग फिरव मला. कुठंही ने. रात्रीच्या जेवणाआधी परतू."

तिनं कोट त्याच्या मांडीवर ठेवला. खुर्ची वळवली आणि दोघं गेली.

कुठं गेली ते मला माहीत नाही. माझी पेटी खिडकीपासून लांब आहे. मी सुखात आहे. थंड कपाट, कोरडी हवा, उंदीर नाहीत. अधूनमधून उघडतात, मिटतात. माझी तक्रार कसलीच नाही, विनंती तेवढी एक आहे. तुमच्याही घरात एखादी 'टाकून गेलेली' बाई असेल, जिचं नाव निघालं की ताटं सरकतात. तिला शिव्या द्यायला तुम्ही मोकळे आहात. पण आधी एकदा या, मला नाहीतर माझ्यासारखीला उघडा, आणि तिच्या नावाच्या खालची ओळ वाचा.

आवाज झाला तरी चालेल. मिसेस हॅलम काही म्हणत नाहीत हल्ली.