मांडवातून उतरवलेला भोंगा

मित्रांनो, मी एक जुना भोंगा आहे. लाउडस्पीकरचा, अॅल्युमिनियमचा, धोतऱ्याच्या फुलासारखं तोंड वासलेला. इतर वस्तू तुम्हाला आपली कहाणी गोड आवाजात सांगत असतील. मला ते जमत नाही. माझ्या पोटात राग आहे, आणि तो मी आज बोलणार आहे.

इंदोरा वस्तीतल्या देवाजी गजभियेंनी मला विकत घेतलं, ते साठ सालानंतरच्या पहिल्या काही वर्षांत. गिरणीतली नोकरी सोडून त्यांनी हा धंदा उभा केला. दारावर लेकीच्या नावाची पाटी लावली: ‘जया लाउडस्पीकर सर्व्हिस’. त्यांची बायको कांताबाई तारा गुंडाळून ठेवायची, गाण्यांच्या तबकड्या पुसायची, कुणाच्या घरी कधी कार्य आहे ते तोंडपाठ ठेवायची. लग्न असो, नामकरण असो, विहारातला कार्यक्रम असो, उंच बांबूवर मी आणि खाली मशीनजवळ देवाजी. “देवाजीचा भोंगा म्हणजे दोन वस्त्या पार आवाज!” असं लोक म्हणायचे. देवाजींची छाती फुगायची. माझीही फुगली असती, पण माझी आधीच फुगलेली होती.

मग कामठीचं ते लग्न आलं. बिडीच्या धंद्यात वर आलेल्या आनंदरावांच्या मुलाचं. भन्तेजींची वंदना झाली, जेवणाच्या पंगती बसायच्या होत्या, आणि आनंदराव भर मांडवात आमच्यापाशी आले.

“देवाजी, उतरव गा हा भोंगा. पोरं म्हणून राहिले, हे लग्न हाये का जाहीर सभा?”

मांडव हसला. मी वरून पाहिलं, तर फाटकाशी कन्हानचा बळीराम हातगाडीवर लाकडी पेट्यांचे स्पीकर घेऊन उभा. म्हणजे त्याला आधीच बोलावून ठेवलं होतं! कारण कुणी सांगितलं नाही. देवाजी एकटे बांबूवर चढले आणि सगळ्यांच्या देखत त्यांनी मला सोडवलं. त्या क्षणी माझ्यात वीज असती, तर मी आनंदरावांच्या कानात असा किंचाळलो असतो की सात पिढ्या बहिऱ्या झाल्या असत्या.

पण मित्रांनो, माझा दुसरा राग देवाजींवर आहे. त्या दिवसापासून त्यांनी काय केलं? मला चंदेरी रंग फासला आणि आवाज आणखी वाढवला. पानठेल्यावर उभं राहून ते बळीरामला शिव्या द्यायचे. “पेट्यायचं खूळ हाये. दोन वर्षांत चुलीत जाईन.” कुणी नुसतं विचारलं, “पेट्या हायेत का?” तरी त्यांच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. एकदा गल्लीतली गोपिका लेकीच्या लग्नाचं विचारायला आली. तिलाही त्यांनी हाकललं. “जाय त्या कन्हानवाल्याकडे!”

गोपिका गेली आणि कांताबाईनं हातातली तार जमिनीवर आपटली.

“आलेलं गिऱ्हाईक हाकलता? शिव्या देऊन आपला आवाज साफ होणार हाये का? लोकायले आपण काहून नको, हे एकाले तरी विचारलं का तुमी?”

“मी कोणाच्या दारात जात नाही!”

“मग मी जातो,” कांताबाई म्हणाली.

दुसऱ्या दिवशी ती बसनं कामठीला गेली, थेट आनंदरावांच्या ओसरीवर. परत येऊन तिनं जे सांगितलं, ते मी भिंतीवरच्या खिळ्यावरून ऐकलं. तिनं विचारलं होतं, “भाऊ, भोंगा उतरवला ते उतरवला. काहून उतरवला, ते सांगा.” आनंदराव आधी उडवाउडवी करत होते. ती उठेना, तेव्हा म्हणाले, “माझी माय समोरच बसली होती, कानात बोटं घालून. वंदनेचा एक शब्द कळला नाही तिले. नुसती करकर.” कांताबाई म्हणाली, “हे बाजूले घेऊन सांगता आलं असतं. चारचौघात तुमी भोंगा नाही, माणूस उतरवला.” माफी त्यांनी मागितली नाही. चहा विचारला, तो तिनं घेतला नाही.

देवाजी भडकले. “इज्जत घालवून आली तू माझी!”

“इज्जत मांडवातच गेली होती. मी कारण घेऊन आली.”

पुढच्या नामकरणात मी वाजत होतो. कांताबाईनं देवाजींचा हात धरून त्यांना मशीनपासून उठवलं आणि माझ्या तोंडासमोर, बायकांच्या बैठकीत नेऊन बसवलं. इतकी वर्षं ते माझ्या पाठीमागे बसत आले होते. समोर बसून त्यांनी मला कधी ऐकलंच नव्हतं! मी गात राहिलो. त्यांचा चेहरा आक्रसत गेला. शेजारची म्हातारी पदरानं कान झाकत होती. देवाजी उठले, मशीनपाशी गेले आणि त्यांनी माझा आवाज कमी केला. मला इतकी लाज आणि इतका संताप कधी आला नव्हता. पण त्यांनी केलं ते बरोबर होतं.

मग ते सीताबर्डीच्या बाजारात जाऊन स्पीकर घेऊन आले. सुताराकडून पेट्या करून घेतल्या. पहिल्याच लग्नात त्या नुसत्या घुमल्या, शब्द कळेनात, आणि वरपक्षानं तोंड वाकडं केलं. मला वाटलं, आता पुन्हा पानठेला, पुन्हा शिव्या. देवाजींचे कान लाल झाले होते, मुठी वळल्या होत्या. पण ते वरबापाजवळ गेले आणि दात आवळून म्हणाले, “काय खटकून राहिलं, ते सांगा.” उत्तर ऐकून घरी आले, पेट्या उघडल्या, आत कापसाचे थर बसवले. त्या पेट्या पुढं गोपिकाच्या धाकट्या लेकीच्या लग्नात वाजल्या. तिथं म्हाताऱ्यांनीही कान उघडे ठेवले. आता जया मोठी झाली आहे आणि कॅसेटचं मशीन घ्या म्हणून बापाच्या मागं लागली आहे. देवाजी कुरकुरतात, पण बळीरामकडचं मशीन ऐकून आले आहेत.

आणि मी? मोठ्या मैदानातली सभा असली, की अजून मला बांबूवर चढवतात. एरवी अंगणात, उन्हापावसात. गांधिलमाश्यांनी माझ्या घशात मातीचं घर केलं आहे. अरे, एक फडकं मारायला किती वेळ लागतो? ज्यानं तुमचं घर चालवलं त्याच्यावर एक पोतं तरी टाका!

मित्रांनो, वस्तू झाकून ठेवा, पुसून ठेवा. एखाद्याचं काम पसंत नसेल, तर त्याला बाजूला घेऊन कारण सांगा. आणि तुम्हाला कुणी नको म्हटलं, तर घरी बसून बोटं मोडू नका. उठा, त्याच्या दारात जा आणि विचारा. राग आला असेल तर राग घेऊनच जा. कांताबाई तशीच गेली होती.