हात पुरावेत म्हणून

मी एक फळी. थांबा, लगेच नाक मुरडू नका. सलूनच्या खुर्चीच्या दोन्ही हातांवर आडवी टाकून जिच्यावर लहान मुलांना बसवतात, ती मी. तुम्हीही कधीतरी माझ्या एखाद्या बहिणीवर बसून भोकाड पसरलं असेल, आठवून बघा. चुळबुळ करणाऱ्यांना सांभाळण्यात माझा जन्म गेला, त्यामुळे स्वस्थ पडून राहणं मला जमत नाही. आज तर मुळीच नाही. सकाळपासून एक सुतार मापं घेत दुकानात फिरतोय आणि त्याची नजर सारखी माझ्यावर येतेय.

मला घडवलं आजोबांनी. सलून त्यांचंच. तेव्हा ते आजोबा नव्हते, एका अवखळ पोराचे बाप होते. पोराचं डोकं आरशात दिसेना, म्हणून त्यांनी जुन्या दाराचा तुकडा कापला आणि इतका घासला, इतका घासला, की शेजारचा शिंपी म्हणाला, "अहो, पोराला बसवायचंय की तोंड बघायचंय तिच्यात?"

"कुसळ बोचायला नको त्याला," ते म्हणाले आणि पुन्हा घासू लागले.

पोराला ते भोवरा म्हणायचे. तो कधी स्थिर बसलाच नाही. पण मोठा झाला आणि त्याचे हात असे स्थिर झाले की दुकानातली दुसरी खुर्ची त्याची झाली. आता, केस कापणाऱ्याला स्वतःचे केस काही कापता येत नाहीत. बापाचे केस लेकच कापायचा. सुट्टीच्या दिवशी शटर अर्धं ओढून घ्यायचे आणि भोवरा बापालाच दटावायचा, "बाबा, मान खाली. हलू नका." बाप खाली मान घालून गालात हसायचा.

मग तापाचं निमित्त झालं. भोवरा दवाखान्यात गेला तो परत आलाच नाही.

आजोबांनी त्याच्या खुर्चीवर पांढरी चादर टाकली. रडले नाहीत. पण त्यांच्या हातापायांना कसली ती अस्वस्थता लागली! झाडलेलं दुकान पुन्हा झाडायचे, लख्ख आरसा पुन्हा पुसायचे. भोवऱ्याची कात्री ड्रॉवरमधून काढायची, तेल द्यायचं, परत ठेवायची. आणि स्वतःचे केस? ते वाढतच गेले. कानावर आले, मानेवर रुळले.

"अहो, तुमचा अवतार बघून गिऱ्हाईक पळेल!" शिंपी म्हणाला. "पलीकडच्या गल्लीत जाऊन कापून घ्या की."

"माझी कटिंग करणारा गेला," आजोबा म्हणाले.

सून कामावर जायची, म्हणून नात शाळेतून थेट दुकानात यायची. तिचं नाव त्यांनी भिंगरी ठेवलं होतं. बापाचीच लेक! माझ्यावर बसली की तिच्या टाचा खुर्चीवर आपटत राहायच्या, आणि मला वाटायचं, भोवराच परत आलाय.

एका दुपारी गिऱ्हाईक नव्हतं. भिंगरीने ड्रॉवर उघडला, बापाची कात्री घेतली आणि दुसऱ्या खुर्चीवरची चादर ओढून काढली. आजोबा ताडकन उठले.

"ए, ती ठेव! त्या खुर्चीत कोणी बसत नाही."

"तुम्ही बसा."

"मी कशाला?"

"बाबाची गिऱ्हाइकं इथेच बसायची ना? तुम्ही बाबाचं गिऱ्हाईक."

आजोबा बसले. बसले कसले, कोसळलेच. इतके दिवस कोंडलेलं सगळं बाहेर आलं. भिंगरी थोडी घाबरली, पण मागे हटली नाही.

"हात तरी पुरतील का तुझे?" डोळे पुसत त्यांनी विचारलं.

तिने इकडेतिकडे पाहिलं आणि मला उचललं. खुर्चीमागे दोन स्टुलं ठेवली, त्यांवर मला टाकलं आणि वर चढून उभी राहिली. माझ्यावर आजवर सगळे बसलेच होते, उभं पहिल्यांदाच कोणी राहिलं. माझा जीव टांगणीला लागला. ही पडली तर? कान कापला तर?

"आजोबा, मान खाली. हलू नका."

ते हलले नाहीत. कटिंग झाली ती अशी, की एक बाजू कानाच्या वर आणि दुसरी कानाखाली. आजोबा तसेच साऱ्या गल्लीत मिरवून आले. "नातीने केलीय," ज्याला त्याला सांगत होते. चादर परत काही खुर्चीवर चढली नाही.

भिंगरी वाढली, माझ्याशिवाय तिचे हात पुरू लागले, दुकान तिचं झालं. आजोबांचे केस मात्र शेवटपर्यंत तिनेच कापले. अंथरुणाला खिळले तेव्हा ती मला घरी घेऊन गेली. उशी लावून त्यांच्या पाठीशी मला टेकवलं. किती हलके झाले होते ते! मला घडवणाऱ्या माणसाचं ओझं मी तेव्हा पहिल्यांदा पेललं.

"या वेळी थोडी वाकडी काप," ते म्हणाले. "पहिल्यासारखी."

तिने कापली. मुद्दाम वाकडी कापायची तिला गरजच पडली नाही, एका हाताने ती सारखी डोळे पुसत होती. त्यानंतर आजोबांचे केस वाढले नाहीत.

आता दुकानात पायाने दाबल्या की वर जाणाऱ्या खुर्च्या येणार आहेत. सुतार म्हणतोय, "ताई, ही फळी चांगली आहे. बाटल्या ठेवायला भिंतीत ठोकून देतो." भिंगरी माझ्यावर हात ठेवून उभी आहे नुसती.

भिंगरी, त्याला नाही म्हण. दारामागे टाक, धूळ खाऊ दे, चालेल. एखाद्या दिवशी हात न पुरणारं कोणीतरी येईलच. बाटल्या हलत नाहीत गं.