चिलयाला मारलेली हाक

सासूबाईंनी फोनवर एवढंच सांगितलं होतं, "श्रावण सोमवारचं कीर्तन हाय, पोट्टीले घेऊन ये." आख्यान चिलयाबाळाचं आहे, हे मला अमरावतीहून अकोल्याला येऊन मंडपात बसल्यावर कळलं.

लहानपणी मी ते ऐकलेलं. शंकर गोसाव्याच्या रूपात येतो आणि श्रियाळ राजाकडे त्याच्या लेकराचंच जेवण मागतो. चांगुणा राणी गाणं म्हणत म्हणत लेकराचं डोकं उखळात कांडते. माझी वैदर्भी साडेपाच वर्षांची. दिवाळीत डेंग्यू होऊन चार दिवस सलाईनवर होती, तेव्हापासून रोज झोपताना विचारते, "आई, झोपलेलं माणूस नक्की उठतं ना?" एकदा 'हो' म्हणून तिचं भागत नाही.

म्हणून मी कडेची जागा धरली, चपला पिशवीत ठेवल्या. उखळ आलं की उठायचं.

पण माणिकबाई कीर्तनकार मोठ्या बेरकी. साठीच्या बाई, पदर खोचून एकट्याच राजा, राणी, गोसावी सगळं होत होत्या. गोसावी झाल्या की नसलेल्या मिशीला पीळ देत. "राणी, मले वांग्याची भाजी नको. पाटोडी नको."

मृदंगावरचे खुशालराव म्हणाले, "महाराज, पाटोडी इकडे सरकवा मंग."

मंडप हसला. वैदर्भी पोट धरून हसली, मीही हसले, आणि तेवढ्यात उखळ आलंच. मृदंग मंदावला. माणिकबाईंनी मुसळ धरल्यासारखे हात वर केले. मी लेकीला उचललं.

"काहून उठून राहिली व?" सासूबाईंनी पदर ओढला.

"घाबरेल ती, आई."

"अर्ध्यातून नेऊ नको तिले."

मी नेलंच. बाहेर कणसाच्या गाडीवर एक भाजायला सांगितलं. वैदर्भीनं तिकडे पाहिलंही नाही.

"चिलया मेला?"

"नंतर परत येतो तो. देव आणतो."

"तू पाहिलं?"

"मला माहीत आहे ना."

"तू तर इथं आहे."

तिच्यापुरता चिलया उखळातच होता, आणि त्याला तिथं टाकून आम्ही निघून आलो होतो. आज रात्री ती काय विचारणार, ते मला तिथंच दिसलं. कणीसवाल्याच्या हातात पैसे कोंबून मी तिला कडेवर घेतलं आणि पळाले.

वाटलं, आख्यान संपलं असेल. बघते तर गोसावी अजून पाटावरच बसलेले. सासूबाई गुडघे दुखतात म्हणणाऱ्या, त्या चक्क पुढे जाऊन पेटीपाशी उभ्या होत्या.

"महाराज, ताट थंडं होऊन राहिलं," खुशालराव म्हणत होते.

"होऊ द्या. एक लहानी पाव्हणी बाहेर गेली. ते आल्याबिगर मी घास उचलत नाही." मग माणिकबाईंची नजर दाराकडे गेली. "आली का? बरं. आता ऐक राणी, बिनलेकराच्या घरी मी जेवत नसतो. मार तुह्या पोराले हाक."

चांगुणा होऊन त्यांनी एक हाक मारली आणि आमच्याकडे वळल्या. "शाळा दूर हाय वो त्याची. माह्या एकटीचा आवाज पुरत नाही."

सगळ्या मंडपानं हाक मारली. वैदर्भी आधी ओठातल्या ओठात पुटपुटली, मग माझ्या कानाशी ओरडली, "चिलया, ये ना!"

माणिकबाई पडद्यामागे गेल्या आणि खांद्याला दप्तर अडकवून दुडदुड धावत आल्या. साठीच्या बाई. "आई व, भूक लागली."

वैदर्भी कडेवरून घसरत खाली उतरली, थेट पुढे गेली आणि त्यांचा हात चाचपून पाहू लागली. मग म्हणाली, "परत जा. आपण परत बोलवू."

माणिकबाई तीनदा गेल्या, तीनदा धावत आल्या. तिसऱ्यांदा धाप लागली तेव्हा खुशालराव म्हणाले, "बाई, आता चिलयाले सुट्टी द्या." त्या हाकांत सगळ्यांत मोठा गळा माझा होता, असं सासूबाई अजून सांगतात.

ऑटोत बसल्या बसल्या वैदर्भी झोपली. आज तिनं काही विचारलं नाही, हे वळणावर माझ्या ध्यानात आलं. मी तिचं डोकं नीट मांडीवर घेतलं आणि तिला उठवलं नाही.