मुंजाजीची दोन बोटं

मुंजाजीनं पॅनमधल्या, म्हणजे कारखान्यात साखर शिजवायच्या मोठ्या भांड्यातल्या, उकळत्या पाकाचा नमुना काढला, थेंब अंगठा आणि तर्जनीत धरून बोटं फाकवली. मध्ये तार आली. ती दिसली, पण बोटांना काही लागली नाही.

"आण्णा, उतरवायचा का?" बद्रीनाथनं विचारलं. हा त्याच्या हाताखालचा माणूस, तोही पन्नाशीला टेकलेला.

"थांब बे. घाई कावून करतोस?"

मुंजाजी थांबला आणि तिथंच चुकला. साखरेचे दाणे एकमेकांना चिकटून गोळे झाले. आठ दिवसांत बिघडलेला हा दुसरा पॅन.

सहकारी साखर कारखान्यात मुंजाजी सव्वीस वर्षं पॅनमन होता. पाक कधी उतरवायचा ते साहेबांच्या यंत्रांआधी त्याची दोन बोटं सांगत. दुष्काळानं धुराडं दोन वर्षं थंड होतं. यंदा दिंद्रुड-धारूरकडून मिळेल तसा ऊस येत होता. केमिस्टसाहेब हळू आवाजात म्हणाले, "तिसरा बिघडला तर तुम्हाला गोदामावर पाठवावं लागेल."

दुसऱ्या दिवशी तो बोटं दाखवायला माजलगावला दवाखान्यात गेला. डॉक्टरीणबाईंनी त्याला डोळे मिटायला लावून बोटांवरून कापूस फिरवला.

"कळलं का, काका?"

"फिरवा की, मग सांगतो."

बाईंनी रक्त तपासायला दिलं. रक्ताचा कागद आल्यावर त्यांनी विचारलं, "रोज कुठली गोळी घेता?"

"पित्ताची. चौदा वर्षं झाली, खाडा न्हाई." मुंजाजीनं खिशातून पाकीट काढलं. "पाळीतल्या सगळ्यांना मीच देतो. चहाच्या आदी एकेक."

"चौदा वर्षं? कुणी सांगितलं होतं?"

"पयल्यांदा डॉक्टरनं. महिनाभर घ्या म्हनले होते. गुण आला, मग मीच चालू ठेवली."

"मांस, अंडी?"

"माळ हाय गळ्यात. दूधबी दुष्काळात जनावरं इकल्यापास्नं न्हाई."

"तुमच्या अंगात बी-बारा जीवनसत्त्व फार कमी आहे, त्यानं नसा बधिर होतात. फक्त गोळीमुळंच असं मी म्हणणार नाही. पण ही वर्षानुवर्षं घेतली की बी-बारा अंगी लागत नाही, हाडंही ठिसूळ होऊ शकतात. इंजेक्शनं सुरू करू. गोळी एकदम सोडू नका, मी सांगते तशी कमी करा."

"बोटं येतील का?"

"थोडीफार येतील. वेळ लागेल."

सकाळच्या पाळीला चहा आला आणि सवयीनं पाच हात पुढं झाले.

"आजपास्नं न्हाई," मुंजाजी म्हणाला. "ज्याची छाती जळती त्यानं डॉक्टरला दाखवायचं. रोज घेणाऱ्यानं तर आदी दाखवायचं."

"आण्णा, तुमचा दवाखाना बंद का?" कुणीतरी हसलं.

"बंद. डॉक्टरच आजारी हाय."

त्यानं बोटं पुढं केली, कशामुळं काय झालं ते सांगितलं. मग कुणी हसलं नाही.

दहा वाजता पाक दाटला. मुंजाजीनं नमुना काढला आणि नमुन्याची कांडी बद्रीनाथपुढं धरली.

"धर. आता तू सांग."

"मी? पॅन बिघडला तर?"

"दोन मी बिघडवले, तवा तू मला बोल लावलास का? धर."

बद्रीनाथनं थेंब चोळला.

"कसं लागतं?"

"वाळूवानी. पण वली."

"मग अजून थांब. डोळ्यानं ठरवू नको. बोटाला इचार."

चार वेळा नमुना निघाला. पाचव्यांदा बद्रीनाथनं मान वर केली. "आता, आण्णा."

मुंजाजीनं त्याच्या तोंडाकडं पाहिलं, पाकाकडं नाही. "मग माझ्याकडं काय बघतोस? उतरव."

साखर मोकळी पडली, दाणा एकसारखा. केमिस्टसाहेबांनी बद्रीनाथच्या पाठीवर थाप मारली. शेजारी मुंजाजी ताठ उभा होता. गोळ्यांचं पाकीट नसलेल्या, सदऱ्याच्या रिकाम्या खिशात त्याची दोन बोटं एकमेकांवर घासत होती.